गाज कुठल्या अंगाने

१ जुलै, मंगळवार

दिवसभर पाऊस. सकाळी चहा, दूध उतू गेलं. दुपारी वरण-भात, भात तळाला लागला. संध्याकाळी बिस्किटं. बाकी काही घडलं नाही.

आजपासून रोजनिशी लिहायची. जानकी मे महिन्यात गेली. भेटायला येतात ते कसं चाललंय म्हणून विचारतात आणि मी बरं चाललंय म्हणून सांगतो. ते खरंच आहे. दिनक्रमात फरक पडलेला नाही. उठतो त्याच वेळी, झोपतो त्याच वेळी. लिहून ठेवलं तर दाखवता येईल. नोकरीभर जिल्ह्याच्या ऑफिसात सांख्यिकी सहायक होतो. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, असं आमचे साहेब म्हणायचे.

सलोनीचा फोन येऊन गेला. मोबाईलवर मिस्ड कॉल दिसले. रिंग वाजली नाही. मोबाईल जुना झाला आहे.

२ जुलै

सलोनीशी बोललो. ती पुण्याहून चतुर्थीला येणार. मी इथे एकटा नीट राहतो आहे असं तिला दिसलं तर राहायचं, नाहीतर घर बंद करून तिच्याबरोबर पुण्याला जायचं. कायमचं. जावई दीपेश यांचंही तेच मत आहे. शिवाय कान तपासून घ्या म्हणाली. हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, शेवटी ओरडून. मोबाईलचा स्पीकरही गेला असावा.

मी सांगितलं की पुण्याला येता येणार नाही, इथे एक अभ्यास हाती घेतला आहे. कोणता, ते बोलताना ठरलेलं नव्हतं. संध्याकाळी ठरलं.

३ जुलै

अभ्यास असा.

जानकीचं माहेर विजयदुर्गचं, वडील होडीवाले. माझं गाव कणकवलीच्या आत, भात आणि काजू. समुद्राजवळ घर बांधायचं हा तिचा हट्ट. मागचं दार पश्चिमेला. समोर माड, मग सुरूचं बन, त्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. रोज सकाळी ती मागच्या दारी उभी राहायची आणि समुद्राची गाज कुठल्या बाजूने येते ते मला सांगायची. डाव्या हाताला लांब शिरोडा, उजव्या हाताला लांब विजयदुर्ग. तिच्या दिशा याच नावांनी.

"गाज शिरोड्याच्या अंगान येता. पाऊस लागतलो. छत्री घेवन जावा."

नाहीतर, "विजयदुर्गाच्या अंगान येता. उघाड. कपडे भायर घालतंय."

लग्न झाल्यापासून हे चालू होतं. मी म्हणायचो, गाजेचा आणि पावसाचा काही संबंध नाही, तू योगायोग धरून बसली आहेस. ती म्हणायची, बरां. वाद तिथेच राहायचा. मी छत्री घेऊन जात असे, पण ती हवामान खात्याच्या अंदाजामुळे.

आता या वादाचा निकाल शास्त्रीय पद्धतीने लावायचा. गृहीतक: गाजेची दिशा आणि पाऊस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रोज सकाळी दिशा लिहायची, संध्याकाळी पाऊस पडला की नाही ते लिहायचं. त्याचं चार खान्यांचं टेबल. शिरोडा-पाऊस, शिरोडा-उघाड, विजयदुर्ग-पाऊस, विजयदुर्ग-उघाड. संबंध नसेल तर प्रत्येक खान्यात किती दिवस पडायला हवेत ते गणिताने काढता येतं. प्रत्यक्षात पडले ते आणि पडायला हवे होते ते, यांतला फरक म्हणजे काय-स्क्वेअर. आकडा लहान आला तर मी बरोबर. मोठा आला तर जानकी.

चतुर्थीपर्यंत भरपूर डेटा होईल. हे काम पुण्याला करता येण्यासारखं नाही हे कोणालाही पटेल.

४ जुलै

पहिलं निरीक्षण. सकाळी मागच्या दारी उभा राहिलो. गाज: ऐकू आली नाही. पाऊस: पडला.

समुद्र शांत असावा.

५ जुलै

गाज ऐकू आली नाही. पाऊस.

दुपारी पडवीचे पत्रे तपासले. पावसात पत्रे वाजतात, त्यामुळे बारीक आवाज दबतात. आज पत्रे वाजत नव्हते, पण वाजत असणार, कारण पाऊस जोरात होता.

६ जुलै

तेच. खुर्ची दारातून काढून माडाखाली नेली. भिजलो. गाज नाही. उद्यापासून छत्री घेऊन बसायचं.

८ जुलै, मंगळवार

कुकर बिघडला आहे. शिट्टी होत नाही. भात रोज जळतो. जानकी होती तोवर हा कुकर व्यवस्थित चालत होता. एस.टी.ने कणकवलीला गेलो, भांड्यांच्या दुकानात दाखवला. दुकानदाराने पाणी घालून शेगडीवर ठेवला आणि थोड्या वेळाने बरोबर आहे म्हणून हात केला. मी म्हटलं, शिट्टी झाली नाही. तेव्हा दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. एक बाई कानांवर हात ठेवून होत्या. कशासाठी ते कळलं नाही.

नवीन रिंग घेतली. परत आलो. भात जळला.

१२ जुलै

वाडीतल्या सगळ्या सेवा बिघडत चालल्या आहेत. मासेवाल्या यमुनाबाई पूर्वी एक दिवसाआड गेटवर यायच्या. समुद्रातली मासेमारी बंद असली तरी खाडीतल्या तिसऱ्या शिंपल्या, सुकी सुंगटं म्हणजे कोलंबी असायची. जानकी गेल्यापासून त्या फिरकलेल्या नाहीत. गॅसवाला येत नाही, मी फोन केला की सांगतो येऊन गेलो. पोस्टमन चिठ्ठी गेटात खोचून जातो.

जानकी गेली आणि हे सुरू झालं. दोन्हींचा काळ एकच आहे. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी ऑफिसात नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवत असे. ज्या गावात देवळं जास्त त्या गावात चोऱ्याही जास्त निघतात. याचा अर्थ देव चोऱ्या करवतो असा नाही. गाव मोठं असतं, म्हणून दोन्ही जास्त. दोन गोष्टी बरोबरीने हलल्या की तिसरी शोधायची.

इथे तिसरी गोष्ट कोणती ते अजून सापडलेलं नाही. बहुधा ग्रामपंचायत.

१५ जुलै

टेबलाचा आढावा. 'ऐकू आली नाही' अशी तिसरी ओळ आखावी लागली. सगळे दिवस त्या ओळीत आहेत, आणि सगळे 'पाऊस' या रकान्यात. म्हणजे एकच खाना भरला आहे, बाकी सगळे रिकामे. एका खान्यावर काय-स्क्वेअर काढता येत नाही.

चूक माझी नाही, महिन्याची आहे. आषाढात पाऊस रोजच पडतो. रोजच घडणाऱ्या गोष्टीचा कशाशीच संबंध तपासता येत नाही. ती कमी-जास्त व्हायला हवी. श्रावणात होईल.

१८ जुलै, शुक्रवार

समुद्र चालू आहे की नाही ते प्रत्यक्ष बघायला पुळणीवर गेलो. चालू आहे. लाटा सुरूच्या मुळांपर्यंत येत होत्या, फेस उडून तोंडावर येत होता. शेजारी लवू तिथे वाहून आलेली लाकडं गोळा करत होता. लवू एस.टी.त कंडक्टर होता, आता माडाची बाग बघतो. मी त्याला विचारलं, गाज येते का. त्याने हातातली लाकडं खाली टाकली. मग माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाला, "भाऊ, हय उबो ऱ्हवान माका माजोच आवाज ऐकाक येणा नाय. आनि तुमी गाज इचारतास?"

म्हणजे लवूच्या कानात दोष आहे.

तरी त्याला अभ्यास समजावून सांगितला. त्याने मधे जांभई दिली, पण शेवटी म्हणाला की त्याला पहाटे उठावंच लागतं, गाज कुठून येते ते तो रोज लिहून देईल. दुसऱ्या निरीक्षकाची नेमणूक चांगल्या अभ्यासात करतातच. माझं निरीक्षण चालू राहीलच. सध्या त्याचं धरू.

२३ जुलै

लवूचा डेटा येऊ लागला. रोज संध्याकाळी कागद आणून देतो. दोन दिवस उघाड पडली. दोन्ही दिवशी विजयदुर्ग.

सलोनीचा फोन. स्पीकर गेलेला असल्यामुळे बोलणं झालं नाही. मेसेज केला की अभ्यास जोरात आहे. तिने कानाचं चित्र पाठवलं.

३ ऑगस्ट, रविवार

लवूच्या आकड्यांवर काय-स्क्वेअर काढला. पुन्हा काढला. मग जेवून आलो आणि पुन्हा काढला.

शिरोडा लिहिलं त्या प्रत्येक दिवशी पाऊस. विजयदुर्ग लिहिलं त्या प्रत्येक दिवशी उघाड. एकही दिवस चुकलेला नाही. काय-स्क्वेअर निरीक्षणांच्या संख्येइतकाच आला. चार खान्यांच्या टेबलात तो याहून मोठा येऊच शकत नाही. गृहीतक टिकत नाही. जानकी बरोबर होती.

संध्याकाळी मागच्या दारी जाऊन बसलो. सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार. बरां, एवढंच म्हणाली असती. भात केला नाही. फरसाण खाल्लं.

४ ऑगस्ट

इतका पूर्ण संबंध निसर्गात नसतो, म्हणून लवूकडे गेलो. तो पडवीत बसून आजचा कागद भरत होता. संध्याकाळी. सकाळी गाज कुठून आली ते पाऊस पडून गेल्यावर लिहीत होता. गेले पंधरा दिवस असंच चाललं होतं.

 मला बघून म्हणाला, "रागावतास कित्याक? तुमका जुळणारे आकडे व्हये होते, जुळवन दिलंय. तुमचो चेरो बघवणा नाय."

माझा चेहरा नेहमीसारखाच आहे. लवूचा डेटा रद्द केला. जानकी बरोबर होती हे आता म्हणता येणार नाही. तेव्हा बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटेनासं झालं. त्याचं कारण चढाव.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी गेटची कडी घालायला गेलो तर यमुनाबाई समोर उभ्या. डोक्यावर पाटी, तोंड उघडं, मान ताणलेली. मला बघून तोंड मिटलं. मासेमारी सुरू झाली, ताजे बांगडे होते.

मी म्हटलं, इतके दिवस आला नाहीत. त्यांनी पाटी खाली उतरवली.

"रोज येतंय, भाऊ. हय गेटार उबी ऱ्हवान हाक मारतंय. तुमी थंय पडवीत बसलेले असतास. माज्याकडे तोंड करून. एक शबूद नाय. मी मनात म्हटलंय, जानकी गेली, आता ह्यांका जेवान नको, मानूस नको. म्हनान मी गुमान जातंय."

 मग त्या म्हणाल्या की गॅसवालाही तसाच परत गेला. आणि वाडीतली माणसं दारात येऊन गेली. भाऊ कोणाशी बोलत नाहीत, त्यांना त्यांच्या दुःखात राहू दे, असं सगळ्यांनी ठरवलं आहे.

बांगडे कापून घेतले. जानकी कापलेले घेत नसे.

म्हणजे डेटामध्ये दुरुस्ती. यमुनाबाई येत होत्या. गॅसवाला येत होता. वाडीतली सेवा बिघडलेली नाही. ग्रामपंचायतीचा दोष नाही. मग तिसरी गोष्ट कोणती ते पाहावं लागेल.

गेट पडवीपासून लांब आहे. गेट जवळ घ्यायचं.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. दरवर्षी आमच्या घरचा नारळ जानकी स्वतः सोलून, हळद-कुंकू लावून द्यायची आणि मी तो समुद्राला देऊन यायचो. तिला गर्दी आवडत नसे. यंदा आपल्यात करू नये असं लवूची बायको राधाबाई म्हणाली. म्हणून नुसता बघायला गेलो. होड्यांना पताका होत्या. ढोलवाले समोरून गेले. काठ्या खाली-वर होत होत्या. ढोल छातीत लागत होता, पोटातही. मला वाटलं प्रेशर वाढलं. घरी येऊन मोजलं, नॉर्मल.

१३ ऑगस्ट, बुधवार

लवू कणकवलीला कानाच्या डॉक्टरकडे निघाला होता. सोबत चला म्हणाला. शेजारधर्म म्हणून गेलो. तिथे गेल्यावर नंबर माझ्या नावावर निघाला. सलोनीने लवूला फोन केला होता. लवूने खुर्चीत बसून पेपर तोंडासमोर धरला आणि शेवटपर्यंत खाली केला नाही.

काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काही सुरू झालं नाही. मी वाट बघत बसलो. बाहेरून मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला खूण करून विचारलं की कधी सुरू करणार. तिने खूण केली की संपलं.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. मी म्हटलं, अक्ष उलटा आहे, वरून खाली वाढतो. त्यांनी कागदावर लिहिलं, या आलेखात तसाच असतो. डावा कान कामाचा राहिलेला नाही, मशीन लावून उपयोग नाही. उजव्याला लावलं तर फरक पडेल. हे आजचं नाही म्हणाले, दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का, असंही लिहून विचारलं.

मी लिहिलं, नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

मशीन आलं. लवूने आणून दिलं. शेंगदाण्याएवढं आहे. डबीत घालून औषधांच्या टोपलीत ठेवलं.

ते आत्ता लावता येणार नाही. अभ्यास चालू असताना मोजमापाचं साधन बदलायचं नसतं, नाहीतर आधीचा डेटा आणि नंतरचा डेटा जुळत नाही. हे लवूला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

२१ ऑगस्ट

गाजेचं काम साधनाअभावी थांबलं आहे. म्हणून सहसंबंध काढायला घेतला. भात जळण्याचा आणि जानकी नसण्याचा. सलोनी येण्याआधी हे एकदा दाखवून द्यावं, की त्यात काही नाही.

एका रकान्यात भात: जळला एक, नाही जळला शून्य. दुसऱ्या रकान्यात जानकी: आहे एक, नाही शून्य. दुसऱ्या रकान्यात खालपर्यंत शून्य आले. सगळेच शून्य असले की सरासरी शून्य, फरक शून्य, प्रमाण विचलन शून्य, आणि सूत्रात त्याने भागायचं असतं. शून्याने भागता येत नाही. गुणांक निघत नाही.

आहे असे काही दिवस डेटात हवेत. मे महिन्याच्या आधीचे. ते माझ्याकडे नाहीत. तेव्हा लिहून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

कॅल्क्युलेटर बंद केला. भाताला आज कुकर नको म्हणून टोपात केला. कच्चा राहिला. तो एकही नाही आणि शून्यही नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सलोनी आली. दीपेशना रजा नाही. कणकवली स्टेशनवर लवू रिक्षा घेऊन गेला होता.

मी घर आवरून ठेवलं होतं. जळलेली भांडी चुलीमागे ठेवली होती. तिने पहिल्यांदा तिथेच बघितलं. मग दोरीवरचे कपडे बघितले. ते चार दिवस बाहेर होते, कधी वाळायचे, परत भिजायचे, त्यांना वास येत होता.  शेवटी टोपलीतली डबी सापडली. ती तिने टेबलावर माझ्यासमोर ठेवली.

मी तिला अभ्यास दाखवला. गृहीतक, चार खाने, तिसरी ओळ, लवूच्या आकड्यांची गफलत. तिने सगळं वाचलं. कागदावर लिहून विचारलं, हे का. मी सांगितलं की आई रोज सकाळी मागच्या दारी उभी राहून गाज कुठून येते ते सांगायची, तुला आठवत असेल.

तिने पेन खाली ठेवलं. खुर्ची माझ्या उजव्या बाजूला ओढली आणि मोठ्याने बोलली, सावकाश, म्हणून सगळं कळलं.

"बाबा, आईने मला कधीच नाही सांगितलं गाज कुठून येते ते. मला ऐकू यायची ना."

मग ती आत जाऊन कपडे बादलीत घालायला लागली. मी टेबलाजवळ बसलो. गाजेची दिशा जानकी फक्त मला सांगत होती. कुकर झाला की बंद करा म्हणायची. यमुनाबाई इलीत म्हणायची. सलोनीचा फोन वाजता म्हणायची आणि हातात आणून द्यायची. हे सगळं कोणत्या रकान्यात घालायचं ते ठरवता आलं नाही.

डॉक्टरांना दिलेलं उत्तर चुकलं होतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चतुर्थी मूळ घरी झाली. माझा भाऊ आणि त्याची सून सुगंधा यांनी सगळं केलं, आम्ही साधेपणाने जाऊन आलो. सलोनीने निघतानाच मशीन कानात बसवून दिलं होतं. आरतीला झांजा सुरू झाल्या आणि मी काढून खिशात घातलं. सलोनीने खिशातून काढून परत लावलं. पुन्हा झांजा, पुन्हा खिसा. सुगंधा हसायला लागली. मग सलोनीही हसली. जानकी गेल्यापासून तिला हसताना बघितलं नव्हतं. दुसऱ्या आरतीला मशीन राहू दिलं. डोकं दुखलं.

३१ ऑगस्ट

सलोनी गेली. पुण्याचं असं ठरलं. मशीन रोज लावणार असाल तर इथे राहा, नाहीतर दिवाळीला घर बंद. मी म्हटलं, लावीन, अभ्यासासाठी तरी लावावंच लागेल, साधन बदललं तर नव्याने सुरुवात करता येते. ती बरं म्हणाली. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत तिने माझ्या उजव्या बाजूला उभं राहून दिवाळीपर्यंतच्या सगळ्या सूचना दिल्या. सगळ्या ऐकू आल्या.

म्हणजे मी राहिलो. जिंकलो असं म्हणता येईल.

उद्यापासून गाजेचं टेबल नव्याने. आता पावसाला खंड पडू लागले आहेत, दोन्ही रकाने भरतील. साधन आहे. निरीक्षक मी स्वतः. दिवाळीपर्यंत वादाचा निकाल लागेल. नवीन कागद आखून ठेवला.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मशीन लावलं. मागच्या दारी गेलो, समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. गाज ऐकू आली.

मोठी होती. खालून एक जाड आवाज, त्यावर फुटल्यासारखे आवाज. इतकी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. उजवीकडून येत होती, विजयदुर्गाच्या अंगाने. म्हणजे उघाड. कागदावर पहिली खूण केली.

पेन आत ठेवायला घराकडे वळलो, तर गाज शिरोड्याच्या अंगाने यायला लागली. म्हणजे पाऊस.

पुन्हा समुद्राकडे वळलो. विजयदुर्ग. घराकडे वळलो. शिरोडा. विजयदुर्गाकडे तोंड करून उभा राहिलो तेव्हा गाज स्वयंपाकघरातून आली. लवू कुंपणापलीकडून बघत होता. भाऊ, कवायत करतास, म्हणाला. ते स्पष्ट ऐकू आलं.

एका कानाने दिशा कळत नाही. दिशा कळायला दोन लागतात. एकाच कानाने ऐकलं की आवाज तो कान असेल त्या बाजूने येतो. हे मला माहीत असायला हवं होतं. गाजेची दिशा आणि माझ्या उजव्या कानाची दिशा, सहसंबंध पूर्ण, गुणांक एक. या सगळ्या अभ्यासात निघालेला हा पहिला गुणांक.

पावसाशी याचा संबंध नाही. टेबल आता भरता येणार नाही. भरलं तरी काय सिद्ध होणार, माझ्या मानेचा आणि पावसाचा संबंध. कागद रद्दीत घातला. वाद तसाच राहिला.

दुपारी सलोनीचा फोन. रिंग वाजली, दचकलो. मशीन लावलंय ना, विचारलं. लावलंय. अभ्यास कसा चाललाय, विचारलं. चाललाय म्हटलं.

यमुनाबाईंनी गेटवरून हाक मारली. पहिल्या हाकेला गेलो. त्या दचकल्या. पेडवे घेतले. कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, बंद केला. भात जळला नाही. जेवलो. नंतर पडवीत बसलो. फ्रिज आवाज करतो, थांबतो, परत करतो. घड्याळाचा आवाज आहे. पंख्याचा आहे. मागून गाज आहे. सगळं उजवीकडे.

चारच्या सुमाराला आभाळ अर्धं भरून आलं. अर्धं मोकळं होतं. पाऊस येईल की नाही ते सांगता येत नव्हतं. जरा वेळ मागच्या दारी उभा राहिलो. मग जाऊन दोरीवरचे कपडे आत आणले. ओलेच होते.